सेफिरॉथला न मिळालेलं शुद्धिपत्रक

भाची आमच्याकडं आली ती रिपीटर म्हणून. लातूरमध्ये या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. नीटमध्ये पहिल्या खेपेला मार्क कमी पडले, आता वर्षभर पुन्हा तीच पुस्तकं, ट्यूशन एरियातले तेच रस्ते, दर आठवड्याला तशीच टेस्ट. उदगीरहून येताना तिनं दोन बॅगा आणल्या होत्या. एकीत पुस्तकं, दुसरीत कपडे, आणि कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला गेम खेळायचा कंट्रोलर. बहिणीला हे माहीत नाही. मला माहीत आहे आणि मी बहिणीला सांगितलेलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

रात्री अकरा ते बारा ती खेळते. घड्याळ लावून. मी शेजारी बसतो तो लक्ष ठेवायला म्हणून, निदान पहिल्या आठवड्यात तरी तसंच होतं. नंतर बारा वाजले की मीच म्हणायला लागलो, "अजून दहा मिनिटं बघ की, तो गाव सोडून कुठं जातोय ते."

माझं गेमिंग मुस्तफापाशी संपलं होतं. बसस्टँडच्या मागं पत्र्याच्या एका खोलीत पार्लर होतं, उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, आणि तरी नाणं हातात धरून मागं पाच-सहा जण उभे असायचे. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमनं १९९३ साली काढलेला. पण चार खेळाडूंमधल्या एकाचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडं सगळ्या गेमचंच नाव मुस्तफा पडलं. शेवटी एक डॉक्टर समोर यायचा आणि त्याचाच राक्षस व्हायचा. तिथवर पोचणारी पोरं हातावर मोजण्याएवढी. हा डॉक्टर असा का झाला, त्याला काय पाहिजे, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. व्हिलन होता, म्हणून त्याला हाणायचं. आतल्या उकाड्यात एवढंच कारण पुरायचं.

भाचीच्या गेममध्ये मात्र व्हिलन बोलतो. फार बोलतो. 'फायनल फँटसी सेव्हन', १९९७ चा, स्क्वेअर या जपानी कंपनीचा. आता त्याचे नवे, चकाचक अवतार निघालेत, पण ही जुनाच खेळते. पात्रांना हातांच्या जागी ठोकळे आहेत, चेहऱ्यावर दोन डोळे सोडले तर काही नाही. आवाज नाही, खाली चौकटीत अक्षरं येतात आणि ती आपण वाचायची. लांब पांढऱ्या केसांचा, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी तलवार घेतलेला सेफिरॉथ पहिल्यांदा बोलायला लागला तेव्हा भाची म्हणाली, "बघा मामा, ह्यो सोताला लई मोठा समजायलाय."

"मग हाय का मोठा?"

"तेच तर बघायचंय."

तेव्हापासून माझ्या डोक्यात तो बसला. सेफिरॉथ आधी कुणी वाईट माणूस नसतो. शिन्रा नावाच्या बलाढ्य कंपनीचं स्वतःचं सैन्य असतं, त्यातला तो सगळ्यात नावाजलेला योद्धा. पोरं त्याच्यासारखं व्हायचं म्हणून घर सोडतात. एकदा कामासाठी तो निबेलहाइम नावाच्या डोंगरातल्या गावात येतो. तिथल्या कारखान्यात माणसांवर केलेले प्रयोग दिसतात, बंद टाक्यांमध्ये अर्धवट राक्षस झालेली माणसं दिसतात. आणि एका दारावर नाव दिसतं, जेनोव्हा. लहानपणी त्याला सांगितलेलं असतं की हे तुझ्या आईचं नाव.

तिथं तो म्हणतो की, मी इतरांपेक्षा वेगळा आहे, काहीतरी विशेष आहे, असं मला लहानपणापासून वाटायचं. पण ते असं असेल असं वाटलं नव्हतं. या एका वाक्यावर मी कंट्रोलर खाली ठेवायला लावला. हे वाक्य मी कुठंतरी ऐकलेलं होतं. जपानीत नव्हे, इंग्रजीतही नव्हे.

पुढं तो गावातल्या जुन्या वाड्याच्या तळघरात शिरतो. तिथं कंपनीच्या शास्त्रज्ञांची कागदपत्रं असतात. तो दिवसच्या दिवस बाहेर येत नाही. वाचत राहतो. सोबतचे लोक दारापर्यंत जाऊन परत येतात. प्रोफेसर गास्ट नावाच्या शास्त्रज्ञाचा अहवाल त्याच्या हाती लागतो: दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरात एक जीव सापडला, त्याचं नाव जेनोव्हा ठेवलं, आणि हा जीव सेट्रा म्हणजे प्राचीनांपैकी आहे. सेट्रा म्हणजे या ग्रहाशी बोलू शकणारे पूर्वज, आता जवळजवळ नामशेष झालेले. सेफिरॉथ दोन आणि दोन जोडतो. मी जेनोव्हाचा मुलगा, म्हणजे मी प्राचीनांचा वारस. ग्रह माझा. बाकीची माणसं म्हणजे संकटात लपून बसलेल्या, ऐतखाऊ लोकांची औलाद. तो समोरच्या पोराला सरळ गद्दार म्हणतो. मग वर येतो आणि गाव पेटवून देतो.

आता गंमत पुढं आहे. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द नाही. गास्टचा अहवाल चुकीचा होता. जेनोव्हा सेट्रा नव्हतीच. ती आभाळातून पडलेली बला होती, आणि सेट्रांचा नायनाट तिनंच केला होता. गास्टला स्वतःची चूक नंतर कळली. तो प्रकल्प सोडून गेला, उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात शेवटच्या खऱ्या सेट्रा बाईसोबत संसार मांडला, आणि तिनं सांगितलेलं सगळं त्यानं चित्रफितीवर नोंदवून ठेवलं. म्हणजे शुद्धिपत्रक निघालं होतं. फक्त ते तळघरातल्या फायलीला जोडलेलं नव्हतं.

त्या दोघांची मुलगी एअरिथ. खरी वारस तीच. ती काय करत असते? मिडगार शहराच्या झोपडपट्टीत फुलं विकत असते, एका गिलला, म्हणजे तिथल्या एका नाण्याला, एक. कुणाला मी कोण आहे हे सांगत फिरत नाही. आणि सेफिरॉथ तिलाच मारतो.

व्हिलनच्या मोठेपणाबद्दल लोक बोलतात तेव्हा ताकद, सूड, लहानपणचा अन्याय अशी कारणं देतात. माझं त्यानं समाधान होत नाही. ताकद सेफिरॉथकडं आधीही होती. तेव्हा तो शांत होता, सहकाऱ्यांशी नीट वागत होता. बिघडलं ते कागद वाचल्यावर. आपण भारी आहोत हे जोवर कामातून दिसत होतं तोवर त्याला काही सांगावं लागत नव्हतं. ते जन्मातून येतं असं कळल्यावर त्याला गाव जाळून सांगावं लागलं.

जन्माचा कागद काय करतो हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. इथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ साली झाला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात इथं वस्त्या जळल्या, माणसं गेली. विरोध करणाऱ्यांचं त्या नावानं काय जाणार होतं, हा प्रश्न मी शाळेत असताना वडिलांना विचारला होता. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काही न्हाई. वर बसायची सवय."

सगळे व्हिलन सेफिरॉथसारखे नसतात, हे मान्य. भाचीनं मला 'रेझिडेंट इव्हिल फाइव्ह' मधला वेस्कर दाखवला. काळा चष्मा, अंगात विषाणू, गोळी चुकवण्याइतका वेग, आणि माणसजात निवडून काढायची भाषा. त्यालाही एक म्हातारा सांगतो की तू नैसर्गिक नाहीस, माझ्या योजनेतून घडवलेला आहेस, आणि मला तुझ्यातून देव व्हायचं होतं. वेस्कर म्हाताऱ्याला मारतो आणि देव होण्याचा हक्क आपल्याकडं घेतो. पण या देवाला ठरावीक औषध ठरावीक मात्रेत टोचून घ्यावं लागतं. जास्त झालं की विष. म्हणजे आमच्या शुगरवाल्या काकांसारखंच, इंजेक्शनची वेळ चुकवून चालत नाही. मी हसलो तेव्हा भाची म्हणाली, हसू नका, तो फायटिंगला लई अवघड आहे.

आणि एक गॅनॉनडॉर्फ. 'झेल्डा' मालिकेतल्या 'विंड वेकर' मध्ये शेवटी तो सांगतो की माझा देश वाळवंटात होता. दिवसा वारा भाजायचा, रात्री तोच वारा गोठवायचा, आणि कधीही आला तरी मरण घेऊनच यायचा. शेजारच्या हायरूल राज्याच्या हिरव्या रानावरून येणारा वारा वेगळा होता. मला तो वारा हवा होता. हे ऐकून मी काही बोललो नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा स्टेशनवर आम्ही बघायला गेलो होतो. पाणी बघायला! पश्चिमेकडं ऊस आणि कालवे, आणि इथं नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. गॅनॉनडॉर्फला मी व्हिलन म्हणू शकत नाही असं नाही, पण त्याचं ते वाक्य मला समजायला कुणी लागलं नाही. त्याच्यात मोठेपणाचा तोरा कमी आणि पोटातली आग जास्त. म्हणून तो या लेखात नीट बसत नाही. असो.

पुन्हा तळघराकडं येतो. मला जे खुपतंय ते तिथंच आहे.

१९९८ साली मी अकरावीला लातूरला आलो. आमचं गाव औसा तालुक्यात. माझ्यासोबत गावातलाच एक मित्र. दोघांत एक खोली, एक कॉट, तिच्यावर आळीपाळीनं झोपायचं. डबा रोज सकाळच्या एस.टी.नं यायचा. दोन डबे, दोन रंगांची फडकी, कंडक्टरच्या ओळखीनं. आम्ही पेपर पसरून दोन्ही डबे मधे ठेवायचो आणि कुणाच्या आईची भाकरी कुणी खाल्ली याचा हिशेब नसायचा.

ज्या क्लासला आम्ही जायचो तिथं मार्कांवर बॅच ठरायची. फर्स्ट बॅच, सेकंड बॅच, आणि खाली ज्यांना नाव नव्हतं, नुसता नंबर होता. फर्स्ट बॅचला चांगले सर, पुढची खोली, कूलर. दिवाळीनंतरची भौतिकशास्त्राची टेस्ट शंभर मार्कांची होती आणि ऐंशीच्या वरचे फर्स्ट बॅचला जाणार होते. मित्राला ७९ पडले. मला ८७.

पेपर हातात आला तेव्हा मी, लातूरचा प्रत्येक पोरगा करतो तसं, आधी बेरीज केली. सहा प्रश्न. १२, १५, ९, १४, १६, १२. बेरीज ७८. पुन्हा केली. ७८. सरांनी घाईत आकडे उलटे लिहिले होते.

म्हणजे मित्र माझ्यापेक्षा एका मार्कानं पुढं होता. दोघंही सेकंड बॅचचे.

मी पेपर घडी घालून वहीत ठेवला आणि सोमवारी कूलरच्या खोलीत जाऊन बसलो.

हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. पण चूक लपवली याची मला तेवढी लाज वाटत नाही, सोळा वर्षांचं पोर होतं, लपवणार. लाज वाटते ती पुढच्या दोन महिन्यांची. फर्स्ट बॅचला गेल्यावर मी साधा राहिलो असतो तर भागलं असतं. पण मी चालायला वेगळा लागलो. फर्स्ट बॅचच्या पोरांसोबत मेसमध्ये जेवायला लागलो. डबा खोलीवर तसाच पडायचा, मित्र एकटा खायचा, उरलेलं आईला कळू नये म्हणून कुत्र्याला घालायचा. बोलताना मी "आमच्या बॅचला" असं म्हणायचो. एकदा त्यानं विचारलं, "फर्स्ट बॅचच्या नोट्स देतूस का रं दोन दिवस?"

मी म्हणालो, "तुला न्हाई झेपायच्या त्या."

तो काही बोलला नाही. कॉटवर त्याची पाळी होती, तो खाली झोपला.

ज्याला खरोखर ८७ पडले असते त्यानं नोट्स दिल्या असत्या. त्याला काय फरक पडणार होता? माझ्या वहीत ७८ चा कागद होता, म्हणून मला ते वाक्य बोलावं लागलं. मित्राला खाली ढकलल्याशिवाय मला माझी जागा दिसेना. आणि ज्याच्याकडं खरी जागा होती तो तर समोरच बसून कांदा फोडत होता. रोज त्याचं तोंड बघणं अवघड झालं होतं. सेफिरॉथ एअरिथलाच का मारतो, याचं गेममध्ये एक कारण आहे, ती त्याची योजना उधळू शकणारी असते. मला मात्र दुसरंच वाटतं. कदाचित ते माझं आहे, गेमचं नाही.

या गेमची एक गोष्ट मला फार उशिरा कळली, कारण भाचीनं ती मुद्दाम आधी सांगितली नाही. हीरो क्लाऊड हाही खोटं बोलत असतो. निबेलहाइमची गोष्ट तो सुरुवातीला सांगतो तेव्हा आपण फर्स्ट क्लास सोल्जर होतो, सेफिरॉथच्या बरोबरीनं गेलो होतो, असं सांगतो. सोल्जर म्हणजे इथं साधा शिपाई नव्हे, शिन्राच्या निवडक योद्ध्यांचं दल, सेफिरॉथ ज्यातला. त्यालाही ते खरंच वाटत असतं. खरं असं की, मोठा योद्धा होऊनच परत येईन असं सांगून तो गावाबाहेर पडला, निवडीत बसला नाही, आणि स्वतःच्या गावात परत आला तो साधा शिपाई म्हणून. ओळखीच्या मुलीनं ओळखू नये म्हणून त्यानं डोक्यावरचं शिरस्त्राण काढलंच नाही.

हे दृश्य बघताना मी उठून पाणी प्यायला गेलो. पुण्याला एमपीएससी करायला गेलेली आणि पाच-सहा दिवाळ्या गावाकडं न फिरकलेली किमान तीन पोरं माझ्या ओळखीची आहेत. सण आला की त्यांची 'टेस्ट सिरीज' असते. ते शिरस्त्राण आमच्याकडं घरोघर आहे.

पण क्लाऊडची बेरीज कुणीतरी परत करतं. तीच ओळखीची मुलगी, टीफा, त्याच्या आठवणींमध्ये त्याच्यासोबत उतरते आणि एकेक करून दाखवते: हे असं नव्हतं, तू इथं होतास, या कोपऱ्यात. तो मान्य करतो. सोबत्यांना जमवून सांगतो की मी सोल्जर कधी नव्हतोच. आणि मग त्यांच्यातच राहून लढतो. आणखी एक गोष्ट: निबेलहाइमच्या त्या रात्री सेफिरॉथला उचलून खोल खाली फेकलं होतं ते याच साध्या शिपायानं. शिपाई असतानाच.

हीरो आणि व्हिलन दोघांचाही कागद चुकीचा. एकाजवळ टीफा होती, दुसरा तळघरात एकटा होता.

आमच्याकडं तेरला गोरोबाकाकांचं मंदिर आहे, तेरणेच्या काठी. लातूरहून जाऊन-येऊन दिवस पुरतो. तिथली कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संत जमले होते. मुक्ताईनं गोरोबांचं थापटणं बघून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते कळतं यानं. मग एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. साक्षात विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, त्याच्या डोक्यात थापटणं? काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

लहानपणी मला यात नामदेवांची फजिती दिसायची. आता वेगळं दिसतं. त्यांचा कागद खोटा नव्हताच, विठ्ठल खरोखर त्यांच्याशी बोलायचा. तरी मडकं कच्चं निघालं. आणि ते रागावले, विठ्ठलाकडं तक्रार घेऊन गेले, पण शेवटी औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथं पिंड नाही तिथं तूच ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथं पिंड. मला कल्पना करायला आवडतं की त्यांनी तीन-चारदा तरी ठेवून पाहिले असतील, चरफडत.

आमच्या क्लासमध्ये थापटणं घेऊन कुणी नव्हतं. होता तो मार्कांचा फळा. जो वर होता त्याला रोज सांगितलं जायचं की तू वर आहेस, आणि जो खाली होता त्याला सांगायचीही गरज नव्हती.

मित्र पुढं परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झाला. आता औशाला त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. मी सोयाबीनचं बियाणं त्याच्याकडूनच नेतो. तो चहा मागवतो, उधारी लिहायला लावत नाही, मागच्या वर्षी उगवण कमी झाली तेव्हा स्वतः रानात येऊन बघून गेला. दोनदा मी सांगायचं ठरवून गेलो. पहिल्यांदा गिऱ्हाईकं होती. दुसऱ्यांदा नव्हती.

परवा भाची त्या बर्फाळ गावापर्यंत पोचली. गास्टच्या घरात जुनी यंत्रं, आणि त्यावर त्या चित्रफिती. बाई सांगत होती, तो नोंदवत होता. जेनोव्हा आमच्यातली नव्हती. भाचीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"मामा, सेफिरॉथनं ही बघितली असती तर थांबला असता का वं?"

मला पटकन हो म्हणायचं होतं. पण मी वहीत घातलेला कागद आठवला. मी बघितली होती की. त्याच दिवशी, दोनदा.

माळ्यावर जुनी पत्र्याची पेटी आहे. खुर्चीवर चढलो, काढली. भाची विचारत राहिली, आत्ता कामून काढायलाव, साडेबारा वाजले. वही सापडायला वेळ लागला, कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, पेपर शाबूत होता. पहिलं पान मी वरच्या बाजूनं दुमडलं, लाल शाईतला एकूण आकडा झाकला आणि तिच्यापुढं धरलं.

"बेरीज कर."

तिनं बोटही लावलं नाही. नुसती नजर खाली गेली.

"अठ्ठ्याहत्तर. कामून?"

मी दुमड उघडली.